सूर्याआडची चाळीस मिनिटं

केंद्रावर त्याला सगळे कानसेन म्हणत. हे नाव कौतुकानं पडलं की टिंगलीनं, याचा निकाल एकतीस वर्षांत लागला नव्हता, आणि निवृत्तीला एक महिना उरलेला असताना तो लावून घेण्यात काही हशील नव्हतं. त्याचं काम यानांचं ऐकायचं. अवकाशात लांब कुठंतरी फिरणारी यानं जे रेडिओ संदेश धाडतात ते मोठ्या अँटेनानं पकडायचे, पडद्यावर आकडे उमटतात ते पाहायचे आणि वहीत उतरवायचे. खरं तर यात कानाचा काही संबंध नाही. पण या गृहस्थानं नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी कुठूनसा एक जुना स्पीकर पैदा केला, त्याला चार वायरी जोडल्या आणि संदेशाची शीळ खोलीत वाजवायला सुरुवात केली. साहेबांनी विचारलं, "हे कशाला?" तर म्हणाला, "साहेब, माणसाचा डोळा लागतो. कान लागत नाही." साहेबांचा स्वतःचा डोळा दुपारी लागत असल्यामुळं विषय तिथंच मिटला.

अँटेनाचं नाव आत्याबाई. ते ठेवलं होतं ग्रीसवाल्यानं, म्हणजे तिच्या बेअरिंगांना ग्रीस भरणाऱ्या मेकॅनिकनं. बत्तीस मीटर रुंद पांढरं तोंड, कुणाची पर्वा न करता सावकाश वळणारी मान, आणि वारा सुटला की लगेच रुसवा. त्या तोंडातून चार लोखंडी दांडे निघून समोरच्या एका लहान आरशाला धरून होते. त्या मिशा. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं जग म्हणतं. इथं चांगल्या चार होत्या, तरी कुणी काका म्हटलं नाही. ग्रीसवाला म्हणायचा, "म्हणीवर जायचं नसतं, स्वभावावर जायचं असतं."

दीड-दोन वर्षांतून एकदा एका म्हाताऱ्या यानाची वाट सूर्याच्या मागून जायची. यान तिकडं, आपण इकडं आणि मधे सूर्य, असे दहा दिवस. इतर केंद्रांवर या दहा दिवसांत लोक सुट्ट्या काढतात, कारण सूर्याच्या गोंगाटात संदेश धड येत नाही. या केंद्रावर मात्र नेमकी याच दहा दिवसांत कुणालाही सुट्टी नसे. कारण यानाचं काय म्हणणं आहे यात इथं कुणालाच रस नव्हता. ते म्हणणं वाटेत किती बिघडलं, यात होता.

त्याचं असं आहे. ग्रहणात सूर्याभोवती जे रुपेरी प्रभामंडल दिसतं, त्यात इलेक्ट्रॉनांची तोबा गर्दी असते. किती गर्दी, ते आत शिरून मोजण्याची सोय नाही. मग युक्ती अशी करायची की यानानं एकाच क्षणी दोन सूर धाडायचे, एक खर्जातला आणि एक वरच्या पट्टीतला. मोकळ्या अवकाशातून दोघं बरोबरीनं पोचतात. सूर्याच्या कडेवरून यायचं झालं की गर्दीत खर्जवाला अडतो. दोन भाऊ बाजारातून निघावेत, सडपातळ भाऊ माणसांमधून सुळकन पुढं जावा आणि पोट सुटलेला भाऊ "अहो, जरा सरकता का" करत मागं राहावा, तसं. दोघांच्या पोचण्यात किती फरक पडला, यावरून बाजारात गर्दी किती होती ते काढायचं. फरक तरी केवढा? सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले तीन-चार. तेवढ्या चिमटीवर सूर्याच्या अंगणातली गर्दी मोजायची. थाप वाटावी अशी गोष्ट आहे, पण चालते.

हा फरक यंत्र नोंदवून घ्यायचंच. शिवाय दर मिनिटाला माणसानंही तो हातानं वहीत लिहायचा, असा केंद्राचा जुना रिवाज होता. एक मिनिट, एक घर. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलेलं: "दिसेल ते लिहा. न दिसल्यास घर रिकामं सोडा."

पहिलं वाक्य कानसेननं आयुष्यभर पाळलं. दुसऱ्यानं त्याचा घात केला. शाळेत असताना "रिकाम्या जागा भरा" या प्रश्नात त्याचा एकही गुण कधी गेला नव्हता, आणि लहानपणी अंगात मुरलेली विद्या अशी सहजासहजी जात नाही.

*

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. दहातला सहावा दिवस. त्या दिवशी यान सूर्याच्या सर्वांत जवळून दिसतं, म्हणून आत्याबाईचं तोंड जवळजवळ सूर्यावरच रोखलेलं असतं. समोरच्या लहान आरशाची सावली घसरत घसरत तिच्या तोंडाच्या मध्याशी येते. ग्रीसवाला त्याला "सावली बेंबीला लागली" म्हणतो आणि त्या दिवशी आतल्या खोलीत पाऊल टाकत नाही. कारण स्पीकर. यान सूर्यापासून लांब असतं तेव्हा शीळ स्वच्छ असते. जवळ येऊ लागलं की ती फाटते, पसरते, तिच्यात हवा भरते. सहाव्या दिवशी ती शीळ राहतच नाही. कुणीतरी तोंड उघडं टाकून झोपलंय, असं वाटतं.

त्या दुपारी कानसेन खोलीत एकटा होता. बाराला सात-आठ मिनिटं होऊन गेली असतील. बाहेरच्या बोळात भिंतीवरचा फोन वाजला. धाकटा भाऊ होता.

"दादा, आईचं काही खरं नाही."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, जवळच्यांना बोलावून घ्या. मी म्हटलं, जवळचा एक आहे, पण तो सूर्यामागं गेलाय."

कानसेनला हसू आलं.

"तिला काही कळतंय का?"

"नाही. नुसता श्वास चाललाय." भाऊ म्हणाला. "दादा, असं करतो, रिसीव्हर तिच्या तोंडाशी धरतो. तुला ऐकायची सवय आहे."

मग तो ऐकत राहिला. खोलीचं दार गारवा टिकावा म्हणून आपोआप बंद व्हायचं. ते त्याच्यामागं बंद झालं. आत टेपची रीळ फिरत होती, ती संपली आणि भोंगा वाजू लागला, ते त्याला कळलं नाही. श्वास वर यायचा, थांबायचा, खाली जायचा. मग बराच वेळ काहीच नाही, आणि पुन्हा यायचा. शेवटी जिन्यावरून ग्रीसवाला ओरडला, "अरे कानसेन! भोंगा कोकलतोय कधीचा! टेप संपली तुझी!"

"एक मिनिट हं," तो रिसीव्हरमध्ये म्हणाला. भावाला म्हणाला की आईला, ते त्याला पुढं कधीच ठरवता आलं नाही. त्यानं फोन ठेवला.

आत आला तर बारा वाजून पन्नास मिनिटं. टेप कोरी. वहीत बारा दहापासून चाळीस घरं रिकामी.

नवी रीळ चढवून त्यानं भावाला फोन लावला. "गेली रे," भाऊ म्हणाला. "तू ठेवलास, त्यानंतर."

त्यानंतर म्हणजे किती नंतर, हे कानसेननं विचारलं नाही. भावानंही सांगितलं नाही.

तो येऊन खुर्चीत बसला. समोर चाळीस रिकामी घरं. पेन त्यानं कधी उचललं ते त्याला आठवत नाही. विचार करून काही खोटं लिहायचं असतं तर त्यानं सरळ रेषेत, कुणाच्या डोळ्यांवर येणार नाहीत असे आकडे लिहिले असते. तेवढा तो मुरलेला होता. पण कानात जे होतं तेच हातातून उतरत गेलं. तीन पूर्णांक एक, तीन पूर्णांक तीन, तीन पूर्णांक सहा, आठ, आणि पुन्हा खाली. सेकंदांचे श्वास घरांमध्ये पडताना मिनिटांचे झाले. सात उंचवटे. सहाव्या आणि सातव्याच्या मधे सहा घरं सपाट, तो लांब थांबा. चाळिसाव्या घराशी हात थांबला. त्याच्यापुढं त्यानं काही ऐकलंच नव्हतं.

*

ही गोष्ट इथंच गाडली गेली असती. पण खोट्या आकड्यांचं मुलांसारखं असतं, ते आपल्याला न विचारता मोठे होतात.

तीन वर्षांनी एका विद्यार्थिनीच्या हाती त्या वहीची नक्कल लागली. तिनं ते सात उंचवटे पाहिले आणि तिची झोप उडाली. प्रभामंडलातली गर्दी अशी ठेक्यात कमी-जास्त होते? जणू सूर्याच्या कडेवरून कुणी फुंकर मारतंय, थांबतंय, परत मारतंय? त्या वेळी दुपार फक्त याच केंद्रावर होती, म्हणून दुसऱ्या कुणाकडं ताडून पाहायला काही नव्हतं. मधल्या फेऱ्यांमध्ये असं पुन्हा दिसलं नाही. तिनं उत्तर काढलं: सूर्याची अवस्था अकरा वर्षांनी फिरून तीच येते, तेव्हा पुन्हा दिसेल. यावर तिनं प्रबंध लिहिला, नोकरी मिळवली, आणि आता अकरावं वर्ष उजाडल्यावर दहा दिवसांसाठी केंद्रावर येऊन ठाण मांडलं. परिषदेत जगापुढं हे मांडायला तिच्याकडं तीन आठवडे होते. तिला सगळे मॅडम म्हणत. ती कानसेनला काका म्हणे.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "काका, त्या दिवशी टेप संपली, पण तुम्ही हातानं लिहीत राहिलात. दुसरा कुणी असता तर घरं रिकामी सोडली असती."

"हो ना," कानसेन म्हणाला, आणि दिवसभर त्याला जेवण गेलं नाही.

सांगायचं हे त्यानं त्याच संध्याकाळी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि आत्याबाई रुसली, म्हणून राहिलं. तिसऱ्या दिवशी मॅडमच्या मुलाला ताप आला आणि ती फोनवर होती. चौथ्या दिवशी सगळं सुरळीत होतं, तेव्हा त्याला कारण सापडायला दुपारचे चार वाजले. पाचव्या दिवशी मॅडमनं त्याच्या हातात कागदात गुंडाळलेली एक चौकट ठेवली. "निवृत्तीची भेट. आत्ताच देते, नंतर धांदलीत राहील."

घरी बायकोनं कागद सोडला. आत वहीचं ते पान होतं. त्याच्या अक्षरातली चाळीस घरं, काचेच्या मागं.

"अहो, अक्षर तर छानच आहे. मग चेहरा असा का पाडलात?"

त्यानं सांगितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. बायकोनं चौकट पालथी घातली आणि बराच वेळ ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली.

"ती पोरगी तीन आठवड्यांनी हे सगळ्यांसमोर मांडणार, आणि मग कुणीतरी तिला तोंडघशी पाडणार," ती म्हणाली. "जन्मभर दुसऱ्यांचं ऐकलंत. उद्या एकदा बोला."

*

सहाव्या दिवशी सकाळी सव्वाअकराला तो बोलला. सगळं एका दमात: फोन, भाऊ, आईचा श्वास, चाळीस घरं. स्पीकर चालू होता आणि त्यातला आवाज आधीच भरून आला होता, म्हणून त्यानं तो बारीक केला.

मॅडम ऐकत असताना हसत होती. माणसाला खरं वाटेपर्यंत चेहरा आधीच्याच जागी राहतो, तसं ते हसू तिच्या तोंडावर तसंच राहून गेलं.

"काका, तुम्ही हे मला आत्ता सांगताय?"

"हो."

"आठ वर्षं. आठ वर्षं मी तुमच्या आईचा..." तिला वाक्य पुरं करता आलं नाही. "मला चार ओळींचं पत्र टाकता आलं नसतं तुम्हाला?"

"आलं असतं."

"मग?"

"घर रिकामं सोडायची सवय नव्हती," तो म्हणाला. त्याला स्वतःलाच ते उत्तर फार तोकडं वाटलं.

ती उठून खिडकीशी गेली. बाहेर आत्याबाईचं पांढरं तोंड, तापलेल्या रंगाचा वास, आणि सरकत सरकत मध्याकडं निघालेली सावली. कडेवर नेहमी बसणारे पक्षी आज नव्हते. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण आवाज सरळ होता. तिनं कपाटातून अकरा वर्षांपूर्वीची मूळ वही काढली, पट्टी घेतली आणि चाळीस घरांवरून एक तिरपी रेघ ओढली. "खाली लिहा. या नोंदी प्रत्यक्ष पाहून केलेल्या नाहीत. आजची तारीख. सही."

त्यानं लिहिलं. अक्षर छानच आलं.

"संध्याकाळी मी परिषदेला कळवते की माझं नाव काढा. आता कामाला बसा. यान काही आपल्यासाठी थांबत नाही."

*

बारा दहा. मॅडम वही घेऊन बसली होती. कानसेननं आकडा सांगायचा, तिनं लिहायचा.

"तीन पूर्णांक एक."

एक मिनिट गेलं. "तीन पूर्णांक तीन."

"तीन पूर्णांक सहा."

"तीन पूर्णांक आठ."

तिचं पेन थांबलं. शेजारी जुनी वही उघडीच होती. तिनं रेघेखालच्या आकड्यांवर बोट ठेवलं. पुढचं घर: तीन पूर्णांक सहा.

"तीन पूर्णांक सहा," कानसेन म्हणाला.

पुढची पाच मिनिटं ती नुसती लिहीत होती आणि बोट एकेक घर खाली सरकवत होती. मग हलक्या आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही पडद्याकडं बघत नाही आहात."

तो बघत नव्हता. तो स्पीकरकडं तोंड करून बसला होता. तिनं मान वळवली. पडद्यावरचा आकडा, त्यानं तो उच्चारल्यानंतर, एक-दोन सेकंदांनी बदलत होता.

आवाज फुगत होता. दोन-तीन मिनिटं लागत त्याला वर यायला, आणि तेवढीच खाली जायला. एवढा लांब श्वास घेणाऱ्याची छाती केवढी असेल, असा विचार मॅडमच्या मनात आला आणि तिनं तो लगेच झटकला. ती शास्त्र शिकलेली बाई होती. पण हातावरचे केस शास्त्र शिकलेले नव्हते. ते उभे राहिले.

दारावर थाप पडली. ग्रीसवाला. आत न येता, उंबऱ्याबाहेर उभा राहून त्यानं डोकं तेवढं आत घातलं.

"सावली बेंबीला लागली, एवढं सांगायला आलो. आणि हा आवाज जरा कमी करा, पार खाली यंत्रघरात ऐकू येतोय."

"बारीकच आहे," मॅडम म्हणाली. सकाळी कानसेननं केला होता तेवढाच होता.

तिनं त्याला दोन्ही पानं दाखवली. ग्रीसवाल्यानं लांबूनच पाहिलं. "मग त्यात काय? गेल्या वेळची टेप लागली असेल चुकून."

"कुठली टेप?" कानसेन मान न वळवता म्हणाला. "तूच नव्हता का ओरडलास, संपली म्हणून? ती कोरी होती."

ग्रीसवाल्यानं डोकं बाहेर घेतलं. पण दार ओढून घेतलं नाही, पाय अडकवून उघडं धरलं. एकतीस वर्षांच्या ओळखीत त्यानं कानसेनसाठी केलेली ही सर्वांत प्रेमळ गोष्ट असावी.

सहावा उंचवटा उतरला. मग थांबा आला. तीन पूर्णांक एक. तीन पूर्णांक एक. स्पीकरमध्ये नुसती पोकळी. खोलीतला गारव्याचा पंखासुद्धा मागं सरल्यासारखा वाटला. तीन माणसं सहा मिनिटं एका जुन्या स्पीकरकडं पाहत होती, आणि तिघांनाही मनातून तो पुन्हा यावा असं वाटत होतं, आणि येऊ नये असंही.

तो आला. सातवा.

"एकोणचाळीस," मॅडम पुटपुटली. "चाळीस." तिनं बोट पानाच्या कडेला आणलं. बारा पन्नास. "काका, याच्यापुढं पानावर काही नाही."

"याच्यापुढं मी ऐकलं नाही," कानसेन म्हणाला.

अकरा वर्षांपूर्वी याच घटकेला तो बोळातून पळत आला होता. आता बोळातला फोन नव्हता, त्याच्या जागी भिंतीला स्क्रूची दोन भोकं होती. भोंगाही नव्हता, नव्या यंत्राला टेप लागत नाही. उठायला कसलंच निमित्त नव्हतं. तरी त्याच्या पायांनी उठण्याची तयारी केली, इतकी ती सवय आत गेली होती. त्यानं दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले.

आवाज वर आला. आठवा. भरला, थांबला, गेला. मॅडम आकड्याची वाट पाहत होती. त्यानं सांगितला नाही. तिनंही पडद्यावरून उचलून लिहिला नाही. नववा आला, आठव्यापेक्षा लहान. तोही गेला. मग पुन्हा एक वर येऊ लागला, अगदी सावकाश, जिना चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखा. तीन पूर्णांक तीन. चार. पाच. सहा.

आणि तिथंच राहिला.

एक मिनिट. पाच मिनिटं. पडद्यावर तीन पूर्णांक सहा. स्पीकरमध्ये भरलेला, थांबलेला, ताणून धरलेला आवाज. अर्ध्या तासानं मॅडम म्हणाली, "खाली यायला पाहिजे." तासानं ग्रीसवाला म्हणाला, "मी जरा बेअरिंग बघतो," आणि गेला. बेअरिंगाजवळ बसून त्यानं डोळे पुसले की काय, ते कुणी पाहिलं नाही. यान मावळेपर्यंत, साडेपाचपर्यंत, आकडा तीन पूर्णांक सहाच होता.

*

संदेश तुटल्यावर आत्याबाईनं सूर्यावरची नजर काढली आणि तोंड सरळ आभाळाकडं करून विश्रांतीला गेली. मॅडमनं वही पुढं ओढली. चाळीस घरं तिच्या अक्षरात भरलेली होती. त्याच्यापुढं पान कोरं.

"ही घरं?"

"ऐकत होतो. सांगायची राहिली."

"यंत्रात आहेत सगळी. बघून भरू?"

"नको. नियम आहे," कानसेन म्हणाला. "रिकामी सोडायची."

तिनं पेन मिटलं. "माझं म्हणणं आज खरं ठरलं, काका, आणि ते ज्यावर उभं होतं ते खोटं होतं. दोन्ही एकाच दिवशी. हे मी कुठल्या शब्दांत लिहू?"

"जुनं पान तसंच ठेवा. रेघेसकट. आजचं आजच्या नावावर लिहा."

"आणि कुणी विचारलं की सात उंचवटे पुन्हा येतील, हे तुम्हाला आधी सुचलं कशावरून?"

"माझं नाव सांगा. म्हणावं, एक म्हातारा होता, त्याला रिकामी जागा बघवत नव्हती."

ती हसली नाही, पण परिषदेला पाठवायचं पत्र तिनं त्या संध्याकाळी पाठवलं नाही, आणि रेघ मारलेल्या पानाचा फोटो काढून सगळ्यांत वर ठेवला.

कानसेननं स्पीकरच्या चारही वायरी सोडवल्या, त्यांची नीट गुंडाळी केली, दिवे मालवले आणि तो बाहेरच्या पायरीवर येऊन बसला. ऊन उतरलं होतं. मोबाइल काढून त्यानं भावाला फोन लावला. खुशाली झाली, भावाच्या गुडघ्यांची चौकशी झाली. मग त्यानं अकरा वर्षं ठेवलेला प्रश्न काढला.

"मी तेव्हा फोन ठेवला ना. त्यानंतर किती?"

किती काय, असं भावानं विचारलं नाही.

"दोन," बऱ्याच वेळानं तो म्हणाला. "एक मोठा, एक त्याच्याहून लहान. आणि मग..."

"एक घेतला."

"हो. घेतला."

"सोडला नाही."

पलीकडं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला, पेला असावा. "मी वाट बघत बसलो होतो रे, आता सोडेल, आता सोडेल म्हणून." भावाचा आवाज बारीक झाला. "दादा, तुला हे कुणी सांगितलं? खोलीत मी एकटाच होतो. मी बायकोलासुद्धा बोललो नाही कधी."

कानसेननं मागं वळून पाहिलं. बंद खोलीच्या काचेमागं अंधार होता. स्पीकरच्या वायरी त्याच्या मांडीवर, गुंडाळी करून.

"तू आहेस ना लाइनीवर?" भाऊ म्हणाला. "तुझा आवाज येत नाहीये. नुसता श्वास ऐकू येतोय."

त्याचं स्वतःचं तोंड बंद होतं. बराच वेळ त्यानं श्वास घेतलाच नव्हता, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

"फोन ठेवू नकोस," तो म्हणाला. "थोडा वेळ नुसता धरून ठेव."